हमीदाआपांचा कॅनडा

हमीदाआपांना सौदीतल्या यान्बूचं हवामान कधी कळलंच नाही. बाहेर धूळ उठलेली असली तरी त्या बाल्कनीत धुणं घालून ड्युटीवर यायच्या आणि संध्याकाळी तेच धुणं पुन्हा धुवायच्या. पण कॅनडातलं विचारा! कुठली नदी गोठली, कुठल्या गावाचा रस्ता बर्फानं बंद झाला, सगळं तोंडपाठ. आमच्या लॅबच्या खिडकीत रक्ताच्या ट्यूबा ठेवता ठेवता म्हणायच्या, "आज तिकडे उणे बावीस आहे गो." इकडं आमचा एसी बंद, आम्ही घामानं निथळतोय. मी म्हणायची, "आपा, त्यातलं थोडं पार्सल मागवा की." "मागवते. पण जेद्दाला कस्टमवाले उघडून बघत बसतील, तोवर त्याचं पाणी होईल."

मी सांगलीकडची, त्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. आपा डायलिसिसच्या सिस्टर, खेडजवळच्या एका खाडीकाठच्या गावच्या. नवरा बोटीवर होता, तो लवकर गेला. मग आपांनी सौदी गाठली आणि इरफानला, एकुलत्या एका मुलाला, गावी बहिणीकडं ठेवून शिकवलं, इंजिनिअर केलं. तो कॅनडात हॅलिफॅक्सला गेला आणि तिकडचाच झाला. दर आठवड्याला फोन यायचा, नाही असं नाही. "अम्मी, कशी आहेस?" "बरी. तू?" "फाइन." "थंडी?" "असते." "कधी येतोस?" "इन्शाअल्ला, पुढच्या वर्षी." झाला फोन. आता 'फाइन' आणि 'असते' एवढ्यावर आईचं पोट कसं भरायचं? तेव्हा आपांनी दुसरा रस्ता धरला. कॅनडातल्या लेखकांची पुस्तकं वाचायला घेतली. "हा सांगत नाही ना? मग त्यांच्याकडून काढून घेईन," म्हणायच्या.

सुरुवात फुकटातल्या पुस्तकांपासून झाली. पलीकडच्या कंपाउंडमधलं एक कॅनेडियन जोडपं यान्बू सोडून निघालं, तेव्हा लोकांनी त्यांचा फ्रिज घेतला, सोफा घेतला, आपांनी पुस्तकांचे खोके घेतले. ते संपल्यावर कॅनडाहून सुट्टीवर येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत आपांचं एक पुस्तक ठरलेलं. लोक तिकडून चॉकलेटं मागवतात, मेपलचं सिरप मागवतात. या कादंबऱ्या मागवायच्या, आणि त्याही ताज्या, कालपरवा निघालेल्या. "जुन्यातला कॅनडा मला काय करायचाय? माझा मुलगा आत्ता राहतोय तिथे."

आमच्याकडं कॅनडा म्हटलं की माणसं कान टवकारतात. सौदीत आयुष्य काढा, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपला की गाशा गुंडाळायचा, त्यामुळं जो तो तिकडची दारं ठोठावत असतो. आपांच्या हातात सारखी कॅनडाची पुस्तकं बघून लोकांना वाटलं, बाईंना आतली माहिती आहे. माझ्या नवऱ्याबरोबरचे देशमुख नावाचे इंजिनिअर एकदा सगळी कागदपत्रं घेऊन त्यांच्या घरी गेले. आपांनी चहा दिला, खजूर दिले, आणि कागद न बघताच एक जाडजूड कादंबरी हातात ठेवली. "आधी ही वाचा. मग बोलू."

कादंबरीत एक डॉक्टर तिकडं जाऊन टॅक्सी चालवतो. देशमुखांनी ती वाचली, त्यांच्या बायकोनं वाचली, दोघांचं जोरात भांडण झालं आणि अर्ज जागच्या जागी राहिला. पुढं वर्षभरानं गेलेच ते, गेले नाहीत असं नाही. पण जाताना आपांना भेटायला आले आणि म्हणाले, "तुमच्यामुळं गाडी चालवायची टेस्ट देऊनच निघालोय." आपा इतक्या खूश झाल्या, की चार दिवस वॉर्डात सगळ्यांना सांगत होत्या.

लेखकांची नावं त्या कधी घ्यायच्या नाहीत. त्यांची आपांनी ठेवलेली नावं होती. एक 'गॅरेजवाला', कारण तो घरच्या गॅरेजमध्ये हीटर लावून लिहायचा. एक 'बसवाली', ती सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवायची आणि मधल्या वेळात लिहायची. त्यांच्या मुलाखती, भाषणं, जे मिळेल ते आपा ऐकायच्या, आणि मग कॅन्टीनमध्ये आम्हाला अशा सांगायच्या, की जणू चुलत घराण्यातल्या बातम्या. "गॅरेजवाल्याचं पुस्तक प्रकाशकाकडून परत आलं गो. बिचारा. बायको म्हणते, आता तरी गाडी आत लावू दे." किंवा, "बसवालीला बक्षीस मिळालं. पण ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली हां. पोरं कोण नेणार शाळेत?" आमच्या एका केरळी सिस्टरला कितीतरी दिवस वाटत होतं की बसवाली म्हणजे आपांची नणंद.

या सगळ्यांत आपांचा खरा जीव होता तो 'मेंढ्यावाली'वर. इरफानच्या शहरापासून दोन-अडीच तासांवर, समुद्राकाठी राहणारी, मेंढ्या पाळणारी, साठी उलटलेली बाई. आपा म्हणायच्या, "इरफानच्या खिडकीतून दिसतो ना, तोच समुद्र हिच्याही खिडकीतून दिसतो." म्हणून तिची सगळी पुस्तकं त्यांच्याकडं.

आता आमच्या शुक्रवारचं सांगायला हवं. शुक्रवारी दुपारी पुरुष नमाजाहून येऊन किंवा नुसतेच जेवून आडवे व्हायचे, आणि आम्ही सहा-सात मराठी बायका आपांच्या घरी जमायचो. आपा दर शुक्रवारी एका कॅनेडियन कादंबरीचं एक प्रकरण मराठीत सांगायच्या. वाचून दाखवायच्या नाहीत, सांगायच्या. नियम एकच, हात रिकामे ठेवायचे नाहीत. कुणी मेथी निवडायची, कुणी लसूण सोलायची, आणि कोळंबी तर सगळ्यांची एकत्रच साफ व्हायची. तिकडची दुःखं आमच्याकडं कोळंबीच्या वासात यायची. बर्फ म्हणजे नेमकं काय, असं आमच्या सुनंदावहिनींनी विचारलं, तेव्हा आपा म्हणाल्या, "डीप फ्रीजरमधल्या या कोळंबीला विचार." आणि नेमकं अडचणीच्या जागी आणून थांबायच्या, "खलास. पुढच्या शुक्रवारी." सुनंदावहिनी नाशिकच्या, फोरमनची बायको, तोंडानं फटकळ आणि डोळ्यांनी हळव्या. त्या चिडून म्हणायच्या, "आपा, तुम्हाला पाप लागेल!"

त्या हिवाळ्यात मेंढ्यावालीची नवी कादंबरी चालली होती. एल्सी नावाची म्हातारी, समुद्राकाठी एकटी. तिचा मुलगा दूर पश्चिमेकडं तेलाच्या कामावर. दर हिवाळ्यात येतो म्हणतो, येत नाही. म्हातारी पडते, आजारी होते, तरी शेजाऱ्यांना त्याला कळवू देत नाही. "माझं मी सांगणार नाही, त्याचं त्याला कळलं पाहिजे," असं तिचं. आम्ही सगळ्या घरापासून लांब आलेल्या, कुणाची आई मिरजेत, कुणाची अलिबागेला. प्रत्येकीला ती म्हातारी आपलीच वाटत होती. सुनंदावहिनी तर एका शुक्रवारी मधूनच उठून बाल्कनीत गेल्या आणि आईला फोन लावून आल्या.

शेवटच्या शुक्रवारी मुलगा आला. बर्फातून, वाटेत गाडी सोडून, चालत आला. आपांनी तो दारात उभा राहतो ते असं सांगितलं, की आमचे हात थांबले. बूट चिंब, दाढी गोठलेली. आणि म्हातारी काय म्हणते? "हे बूट घेऊन आत येऊ नकोस! फरशी आत्ताच पुसलीय." मग ती रडते. मग आम्ही रडलो. रडून झाल्यावर बिर्याणी खाल्ली. असा सुखाचा शुक्रवार मी यान्बूत दुसरा पाहिला नाही.

आपांनी त्याच भरात मेंढ्यावालीला ईमेल केला, आम्ही अशा अशा बायका, वाळवंटात बसून तुमची एल्सी ऐकली. आणि काय सांगू, दोन दिवसांत उत्तर! बाईंना आम्हा सगळ्यांना भेटायचंय, पुढच्या शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर. आमच्या अंगात आलं. सुनंदावहिनींनी कॅमेऱ्यासमोर मांडायला शंकरपाळे केले. कोण काय विचारणार ते ठरलं. मी म्हटलं, आपण तरी मूळ पुस्तक वाचून जावं. आपांच्या कपाटातून घेऊन गेले आणि दोन बैठकांत संपवलं.

त्यात मुलगा येत नाही. म्हणजे येतो, पण म्हातारी गेल्यावर. थंड चुलीपाशी उभा राहतो आणि पुस्तक संपतं.

मला राग आला, खरं सांगते. दुसऱ्या दिवशी डायलिसिसच्या दारातच आपांना गाठलं. "हे काय आहे? मेली की ती!" आपांनी मला हाताला धरून स्टोअररूममध्ये ओढलं. "हळू बोल गो बाय." आधी त्यांनी सगळं उम्म सालेहवर ढकललं. ही त्यांची म्हातारी सौदी पेशंट. दर खेपेला चार-चार तास खुर्चीवर पडून असायची, म्हणून आपा तिलाही मोडक्या अरबीत एल्सीची गोष्ट सांगायच्या. "शेवटी तिनं माझा हात धरला आणि विचारलं, 'आला का मुलगा?' हातात सुया टोचलेल्या बाईला मी काय सांगू, नाही आला म्हणून? म्हटलं, आला. एकदा आला म्हटल्यावर तुम्हाला वेगळं कसं सांगणार?"

"आम्हाला कुठं सुया टोचल्या होत्या, आपा?"

त्या कापसाचा गठ्ठा उगाच नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्यानं नाही बोलवलं गो. ती गेली आणि तो नंतर आला, हे तोंडातून निघेना. इरफानचाच चेहरा समोर येतो. मीही त्याला कधी येतोस एवढंच विचारते, ये म्हणून म्हणत नाही. गुडघ्याचं सांगितलं नाही, साखरेचं सांगितलं नाही. म्हटलं, त्याचं त्याला कळू दे." आणि लगेच बाहीनं डोळे पुसून, "आता शुक्रवारचं काय करायचं ते सांग. मी मेले!"

आमचं ठरलं ते असं. बायकांना कादंबरीबद्दल बोलूच द्यायचं नाही. सगळे प्रश्न मेंढ्यांवर न्यायचे.

शुक्रवार आला. पडद्यावर मेंढ्यावाली आली, तिकडं नुकतीच सकाळ झालेली, अंगात विटका स्वेटर, मागं कुठंतरी मेंढी ओरडतेय. आम्ही टाळ्या वाजवल्या. आपा आमचं इंग्रजीत सांगत होत्या, तिचं मराठीत. पहिली पंधरा मिनिटं काय झकास गेली! मेंढ्या किती वेळा विऊ शकतात इथपर्यंत आम्ही पोचलो. लिहिता कधी, असं विचारल्यावर ती म्हणाली, "पहाटे चारा घातला की, हात गरम असतात तोवर." नवरा स्वयंपाक करतो का? "करतो, पण मग मला लिहिणं सोडून भांडी घासावी लागतात." एक पान दहादा लिहिते, त्यातली नऊ चूल पेटवायला जातात, असंही म्हणाली. आम्ही हसलो. मी आपांकडं बघितलं, जमलं बहुतेक.

तेवढ्यात सुनंदावहिनी पुढं सरकल्या. त्यांना इंग्रजी येत नाही अशी आमची समजूत. पण बाई आठवडाभर घोकून आल्या होत्या. हात जोडून थेट कॅमेऱ्यात बघून इंग्रजीत म्हणाल्या, "मॅडम, थँक यू. यू ब्रॉट द सन होम. आफ्टर दॅट, ही स्टे? ऑर अगेन गो?"

मेंढ्यावालीचा चेहरा कोरा. "सॉरी," ती म्हणाली, "कुठला मुलगा घरी आला?"

सुनंदावहिनी आपांकडं बघायला लागल्या, मग सगळ्याच. मला वाटलं, आता आपा म्हणतील नेटवर्क गेलं. पण त्यांनी पाठ सरळ केली आणि इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, चूक माझी आहे. तुमच्या पुस्तकात तो उशिरा येतो. मी यांना सांगितलं की वेळेवर आला. मी तुमचं पुस्तक बदललं." मग तेच आमच्याकडं वळून मराठीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

ती बाई चिडली नाही. चष्मा काढला, पुसला, घातला. "कसा आला तो, तुमच्या गोष्टीत?" आपांनी सांगितलं, बर्फ, बूट, पुसलेली फरशी. मेंढ्यावाली हसत सुटली. म्हणाली, "मीही त्याला वेळेवर आणून पाहिलं होतं. कितीदा तरी. पण आल्यावर दोघं नुसती गळ्यात पडायची, आणि मला ते खरं वाटेना. ती त्याला आधी रागावेल, हे मला सुचलं नाही." आणि थोडं थांबून तिनं विचारलं, "पण हमीदा, तो येतो कशानं? माझ्या म्हातारीनं तर त्याला ये म्हणून कधी सांगितलंच नाही. तुमच्या म्हातारीनं सांगितलं का?"

आपांनी नुसती मान हलवली, नाही.

कॉल संपला आणि स्फोट झाला. "आपा, तुम्ही आमची फसवणूक केलीत!" सुनंदावहिनींचा आवाज जिन्यापर्यंत गेला असेल. "मी आईला फोन करून सांगितलं, मुलगा आला म्हणून! आता वाचा खरं. आत्ताच्या आत्ता." आपांनी मुकाट्यानं पुस्तक काढलं, चष्मा लावला, आणि पहिल्यांदाच आम्हाला सांगण्याऐवजी वाचून दाखवायला लागल्या, वाक्य वाचायचं, मराठी करायचं. थंड चुलीपर्यंत आल्या. तिथं पुढचं वाक्य निघेना. ज्या बाईनं रोज पेशंटच्या घरच्यांना वाईट बातम्या दिल्या, तिला एक छापील वाक्य वाचवेना. मला इतकं वाईट वाटलं, की मीच ते पुस्तक हातातून काढून घेणार होते.

सुनंदावहिनींनी घेतलं. मिटलं. म्हणाल्या, "राहू द्या आपा. त्यांचं त्यांच्यापाशी, आपलं आपल्यापाशी. आपल्यातला आलाय, तो आलाय." आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला गेल्या, कारण त्यांना रडताना कुणी बघितलेलं चालत नाही.

चहा येईपर्यंत आपा बसून होत्या. मग फोन उचलला. तिकडं सुट्टीची सकाळ नव्हती, इरफान कामावर असणार, पण थांबल्या नाहीत. आमच्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इरफान, ऐक. माझे गुडघे गेलेत. साखर आहे. तुला सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. आता सांगते. तू येतोस म्हणालास, नको येऊ. मीच येते." पलीकडून इरफान काय बोलला ते आम्हाला कळलं नाही. पण त्या फोनवर 'फाइन' हा शब्द आला नसावा, कारण फोन नेहमीसारखा दोन मिनिटांत संपला नाही. चहा दोनदा गरम करावा लागला.

व्हिसा यायला उन्हाळा उजाडला. आपांचं कॉन्ट्रॅक्टही संपत आलं होतं, त्यांनी ते वाढवलं नाही. यान्बू कायमचं सोडायचं, आधी कॅनडा, मग खेड. जाण्याआधी उम्म सालेहच्या खुर्चीपाशी जाऊन बसल्या, तिच्याकडून दुआ घेतली, आणि तिला सांगितलं की आता आई निघालीय.

आम्ही त्यांना जेद्दाला विमानतळावर सोडायला गेलो, सुनंदावहिनी आणि मी. येताना तिथल्या शराफिया बाजारात थांबून त्यांनी एक भलामोठा, गुडघ्याखाली येणारा, फर लावलेला कोट घेतला होता. जून महिना. मी म्हटलं, "आपा, तिकडंही उन्हाळा आहे आता." "तुला काय माहीत? तू एकच पुस्तक वाचलंस," म्हणाल्या. बॅगेचं वजन जास्त भरलं, आत निम्मी पुस्तकं आणि निम्मी सुकी मासळी. दोन्हीतलं काही काढायला तयार नाहीत. शेवटी कोट अंगात घातला. बाहेर चाळीसच्या वर ऊन, आणि आपा फरमध्ये, घामानं लालबुंद, लोक वळून वळून बघतायत.

सुनंदावहिनींनी न राहवून विचारलं, "आपा, तो घ्यायला येईल ना विमानतळावर?"

"येईल म्हणालाय," आपा म्हणाल्या. कोटाची बटणं लावत होत्या. "आणि नाही आला, तर पत्ता आहे माझ्यापाशी. जाऊन दार वाजवीन."

मग पासपोर्ट दातांत धरून, दोन्ही हातांनी ट्रॉली ढकलत त्या आत गेल्या. पुढच्या रांगेतला एक माणूस फोनवर बोलत उभा होता. त्यांनी पासपोर्ट दातांतून काढला, त्याच्या खांद्यावर टकटक केलं आणि म्हणाल्या, "यल्ला भाई, चला, मला पोचायचंय."